रस्त्यावर जप्ती आणता येते का?

अमेरिकेतलं एखादं शहर रस्त्यांच्या डांबरीकरणाचं टेंडर काढतं. नियम साधारण असा, की पात्र कंत्राटदारांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. पण जरा थांबा. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याचाच हिशेब चुकलेला असण्याची भीतीही सर्वांत जास्त नाही का? जुना थर खरवडून झाला आणि कंत्राटदाराचं दिवाळं वाजलं, तर पुढे काय?

याहून अवघड प्रश्न डांबर पुरवणाऱ्याचा. खासगी इमारतीला पुरवलेल्या मालाचे पैसे बुडाले, तर तिथला कायदा पुरवठादाराला त्या मालमत्तेवरच बोजा चढवू देतो. सार्वजनिक रस्त्यावर बोजा चढत नाही, कारण तो लिलावात काढताच येत नाही. मग उधारीवर डांबर द्यायला कुणी धजावेल कशाला?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर आहे शुअरटी बाँड. बँकेच्या कर्जाला मामा जामीन राहतात ना, तसा इथे कंत्राटदाराला एक विमा कंपनी जामीन राहते. काम अर्धवट पडलं, तर ती दुसरा कंत्राटदार आणून ते पुरं करवते किंवा बाँडच्या रकमेपर्यंत भरपाई देते. पुरवठादाराचे पैसे थकले, तर तेही तीच देते.

आणि गंमत बघा, विमा कंपनीनं दिलेला असूनही हा नेहमीचा विमा नव्हे! विम्यात काही नुकसान होणार, हे धरूनच हप्ता ठरतो. इथे कंपनी शून्य नुकसानाची अपेक्षा धरून सही करते. जे काही भरावं लागेल, ते ती कंत्राटदाराकडून वसूल करते. त्यासाठी मालकाची, कित्येकदा त्याच्या पत्नीचीही, वैयक्तिक हमी आधीच लिहून घेतलेली असते. घरदार पणाला लागलेला माणूस दर भरताना चारदा विचार करणारच.

म्हणूनच सही करण्याआधी कंपनी कंत्राटदाराच्या खतावण्या, यंत्रं, बँकेतली पत, हातातली कामं, सगळं तपासते. कंत्राटाच्या साधारण एक ते तीन टक्के शुल्कात शहराला असा कठोर परीक्षक मिळतो, ज्याचा स्वतःचा पैसा अडकलेला आहे. माझ्या मते खरी करामत हीच, कारण बरीचशी संकटं टेंडर उघडण्याआधीच गाळली जातात.

हे एका दिवसात सुचलेलं नाही. 1894 च्या हर्ड कायद्यानं संघीय बांधकामांसाठी एकच बाँड ठेवला. त्यावर पहिला हक्क सरकारचा, त्यामुळे पुरवठादार ताटकळत राहायचे. 1935 च्या मिलर कायद्यानं त्याचे दोन बाँड केले. एक काम पुरं होण्यासाठी, दुसरा मजूर आणि पुरवठादारांचे पैसे मिळण्यासाठी. इतकी साधी फोड करायला 41 वर्षं लागली! पुढे राज्यांनीही तसेच कायदे केले. त्यांना ‘लिटल मिलर अ‍ॅक्ट’ म्हणतात आणि शहरांतल्या रस्त्यांची कामं त्यांच्याच कक्षेत येतात.

आपल्याकडे जामिनकीची व्याख्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 126 मध्ये आहेच. तरी कंत्राटदाराची भिस्त राहिली बँक गॅरंटीवर. तिच्यासाठी बँकेत पैसा अडकून पडतो. 2022 मध्ये केंद्र सरकारनं सरकारी खरेदीत शुअरटी बाँडही चालतील असं ठरवलं. तुमच्या महापालिकेच्या पुढच्या रस्त्याचं टेंडर ऑनलाइन उघडून पाहा आणि सुरक्षा ठेवीचं कलम वाचा. काम अर्धवट राहिलं तर जबाबदारी कुणाची, ते तिथे लिहिलेलं असतं.