नदी सरकारची, वाट कोणाची?

लवळ्यासारख्या मुळाकाठच्या गावात नदीचे पात्र सरकारचे (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20), पण काठाची बरीचशी जमीन खाजगी. मग खांद्यावर जाळे टाकून निघालेला माणूस तारेच्या कुंपणाशी अडतो. नदी सरकारी आहे म्हणून कोणाच्याही शेतातून जाण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

आधार असतो तो वहिवाटीचा. याच संहितेच्या कलम 165 नुसार जिल्हाधिकाऱ्यांनी गावोगावच्या रूढींची ‘वाजिब-उल-अर्ज’ ही नोंद करायची असते. सरकारी नसलेल्या जमिनीवरील व पाण्यातील वाटेचा हक्क आणि मासेमारीचा हक्क, दोन्ही तिच्यात येतात. नोंद मान्य नसणाऱ्याला प्रसिद्धीपासून वर्षभरात दिवाणी दावा लावता येतो. इतकी नेमकी तरतूद असूनही तिची चर्चा जवळजवळ होतच नाही, हे खटकते.

सुखाधिकार कायदा, 1882 नुसार 20 वर्षांच्या उघड, अखंड वापराने वाट मिळते. मात्र ती स्वतःच्या जमिनीसाठी. भूमिहीन मासेमाराला रूढीच सिद्ध करावी लागते.

म्हणून कुंपण घातले जाण्याआधीच भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या आणि पायवाटेची तुटक रेघ नदीपर्यंत पोहोचते का, ते पाहा.