‘ग्लो’ आणि धग

इंग्रजीतील ‘ग्लो’ या लहानशा शब्दाला मराठीत नेमका एकच प्रतिशब्द नाही. ज्वाला न निघता एखादा पदार्थ उष्णतेने प्रकाशू लागला, म्हणजे इंग्रज त्याला ‘ग्लो’ म्हणतो. फुंकर घातलेला निखारा किंवा भट्टीतून नुकतेच काढलेले लोखंड ही त्याची ठळक उदाहरणे होत. गालावरची लाली, मनाची प्रसन्नता हे अर्थ मागाहून आले.

शब्द जुना आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘ग्लोवन’ असा होता. जर्मन आणि डच भाषांत त्याची भावंडे आहेत. जर्मनीत विजेच्या तारेच्या दिव्याचे नावच त्या शब्दावरून पडले. आणखी मागे गेले, तर बरेच कोशकार त्याचा संबंध ‘चकाकणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. इंग्रजीतील सोने आणि पिवळा या अर्थांचे ‘गोल्ड’ व ‘यलो’ त्याच कुळातले. आपल्याकडचे ‘हिरण्य’ आणि ‘हरित’ही त्याच कुळातले.

मराठीने मात्र या अनुभवाचे दोन वाटे केले आहेत. डोळ्यांना दिसते ते रसरसणे. अंगाला लागते ती धग. ही वाटणी शास्त्राला धरून आहे. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, तांबड्याच्याही पलीकडे जेथे काहीच दिसत नव्हते तेथे, थर्मामीटर ठेवला; पारा चढला. पुढे १८४७ साली जॉन ड्रेपर यांनी दाखविले, की तापविलेला घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला प्रथम अंधुक तांबडा दिसू लागतो. म्हणजे चारशे अंशांचे लोखंड काळेच दिसते, आणि धग मात्र देतच असते.

फौंड्रीतील कामगाराला हे पुस्तकावाचून ठाऊक असते. पण त्याच्या तक्रारीला उत्तर म्हणून भिंतीवरचा थर्मामीटर दाखविला जातो. तो मुख्यतः हवेचे तापमान सांगतो. धग हवेची वाट न पाहता सरळ अंगावर येते. ती मोजण्यासाठी काळा रंग दिलेल्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात थर्मामीटर बसवितात. पंखा धग अडवीत नाही. मध्ये चकचकीत पत्र्याचा आडोसा उभारला, तर ती अडते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १३ व्या कलमात अतिउष्ण काम वेगळे काढावे, तापलेले भाग झाकावेत, असे उपाय सांगितले होते. ते अमलात आणवून घ्यावयाचे, तर आधी ‘किती तापते?’ या प्रश्नाऐवजी ‘माणसापर्यंत किती पोचते?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

शेवटी एक नाते सांगतो. भट्टीला इंग्रजीत ‘फर्नेस’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधून आला. आपला ‘घाम’ संस्कृत ‘घर्म’, म्हणजे उष्णता, यापासून आला. भाषाशास्त्र या दोघांचे मूळ एकच मानते. भट्टी आणि घाम यांचे हे नाते हिशेबाच्या वहीत मात्र अजून नीट लिहिले गेलेले नाही.