लेकीच्या उशाशी बसून लिहिलेली पत्रं

मूल दुखणाईत असावं आणि आईला त्याच्या उशाशी बसता येऊ नये, यापरती शिक्षा नाही. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याच्या पत्नीवर, एमावर, १८५१ सालच्या एप्रिलमध्ये ही पाळी आली.

एमा ही डार्विनची मामेबहीणच. १८३९ साली दोघांचं लग्न झालं. लंडनजवळच्या डाऊन या खेड्यातलं त्यांचं घर मुलाबाळांनी भरलेलं होतं. मुलींमध्ये थोरली ॲनी. दहा वर्षांची, वडिलांची फार लाडकी. तिची प्रकृती सारखी बिघडू लागली, तेव्हा मार्चअखेर तिला माल्व्हर्नला डॉक्टर गली यांच्या जलोपचारांसाठी ठेवलं. डार्विनला स्वतःला तिथं गुण आला होता. पण ॲनी तापानं खालावली. निरोप येताच हातातलं संशोधन टाकून डार्विन १७ एप्रिलला तिच्याजवळ पोचला. एमाला मात्र हलता येईना. तिचे दिवस भरत आले होते!

मग शंभराहून अधिक मैलांवरून रोज पत्रं येऊ लागली. नाडी कशी आहे, ओकारी झाली का, ब्रँडी घातलेली पेज चमच्या-चमच्यानं किती पोटात गेली, सारं त्यांत असे. एका पत्रात आशा, तर दुसऱ्यात घोर. शिवाय टपालाला वेळ लागे. ‘जरा बरी आहे’ हे वाचून आईला हायसं वाटावं, तोवर तिकडे दुखण्यानं पुन्हा उचल खाल्लेली असायची. एका पत्रात डार्विननं कबूल केलंय, की तुला लिहिताना मला शांतपणे रडता येतं, म्हणून लिहून बरं वाटतं.

२३ एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास ॲनी गेली. ती शांतपणे गेली, आता आपण दोघांनी एकमेकांना अधिकच जपायचं, असं त्यानं त्याच दिवशी घरी कळवलं. अंत्यविधीसाठीही न थांबता तो एमाकडे परतला.

एमाचं उत्तर वाचताना मात्र आपण थबकतो. गेलेल्या लेकीच्या ओढीनं बाकीच्या मुलांविषयी मन कोरडं झालंय, पण ते हळूहळू ताळ्यावर येईल, असं ती लिहिते. आणि माझं सर्वांत मोठं धन तूच आहेस, हेही बजावते. आईच्या मनात असं काही येतं, हे आपण आजही कुणाजवळ बोलत नाही. एमानं ते नवऱ्याला सरळ लिहिलं. सोसण्याइतकंच हे सांगणंही धीराचं, नाही का?

तीन आठवड्यांच्या आत, १३ मे रोजी होरेसचा जन्म झाला. पुन्हा दुपटी, पुन्हा जागरणं. घर चालूच राहिलं.

पुढे एमा ॲनीविषयी क्वचितच बोले, असं धाकट्या हेन्रिएटानं लिहून ठेवलंय. त्या वेळी माल्व्हर्नला बहिणीसोबत गेलेली हीच ती सात वर्षांची मुलगी. मोठेपणी तिनंच आईची पत्रं छापून आणली. ॲनीची लेखनपेटी मात्र एमानं जपून ठेवली होती. लेकीचं लिहायचं सामान आणि तिच्या केसांची बट, असं सगळं त्या पेटीत होतं.