‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

पुणे जिल्ह्यातल्या कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार चाकणच्या दुकानातून मिक्सर घेतो. बिलाखाली शिक्का असतो: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मिक्सर आठवड्यात बंद पडला, तरी शिक्का दाखवला की बहुतेक जण गप्प बसतात. शिक्का म्हणजे कायदा, असा समज पक्का आहे.

वस्तुस्थिती वेगळी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 (अंमल 20 जुलै 2020 पासून) नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ (ग्राहकाला फसवणारी किंवा अडवणारी पद्धत) ठरते. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती; नसल्यास 30 दिवस. बिल न देणे हेही त्याच व्याख्येत येते, आणि ‘बिल हवं तर जीएसटी वेगळा’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज ऐकू येते!

उलट गैरसमजही आहे: रंग आवडला नाही म्हणूनही वस्तू परत करता येते. कायदा तसे म्हणत नाही. इथल्या कारखान्यांत पुरवठादाराचा मापात न बसलेला जॉब रिजेक्ट होऊन परत जातो, चांगला जात नाही, तसेच हे.

दाद मागायची तर आधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. दुकान नाशिकचे असले, तरी कुरुळीत राहणाऱ्याला पुण्यातच तक्रार करता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही.