गेंड्या भुंग्यासाठी लोखंडी आकडी: सळई कापण्याची व निमुळती करण्याची योग्य पद्धत

नारळाच्या झाडाला वाढीचा शेंडा एकच असतो. गेंड्या भुंगा नेमका त्याच्याजवळ, न उमललेल्या पानांच्या गाभ्यात भोक पाडून शिरतो. भोकातून बाहेर आलेला तंतूंचा चोथा आणि उमललेल्या पानांवरील त्रिकोणी काप ही त्याच्या प्रादुर्भावाची लक्षणे होत. आत बसलेला भुंगा लोखंडी आकडीने ओढून काढणे हा जुना, परंतु आजही शिफारस केला जाणारा उपाय आहे. मात्र आकडी जाड वा खरबरीत असल्यास गाभा फाटतो. अशा ताज्या जखमेकडे सोंड्या भुंगा आकर्षित होतो आणि त्याच्या अळ्या खोड पोखरून झाड मारू शकतात. म्हणून गावातील लोहाराकडून आकडी घडवून घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

सळईची निवड: ६ मिमी व्यासाची, मऊ पोलादाची साधी गोल सळई घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेली सळई भट्टीत घालू नये. तिचा धूर आरोग्यास घातक असतो.

कापणी: एवढी बारीक सळई थंड स्थितीतच कापता येते. ऐरणीवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवावी, छिन्नीने सळईला चहूबाजूंनी खाच पाडावी आणि मग वाकवून तोडावी. एकाच घावात तोडल्यास तुकडा उडून डोळ्यास इजा होऊ शकते. कापलेल्या टोकाची धार कानशीने काढावी; अन्यथा ती घडाईत दुमडून तेथे चीर राहते.

टोक काढणे: टोक नारिंगी-पिवळे होईपर्यंत तापवावे. बारीक सळई लवकर तापते, तशीच लवकर निवते. त्यामुळे थोडेच घाव घालून पुन्हा तापवावी. गडद लाल रंग आल्यावर ठोकणे थांबवावे. ठिणग्या उडू लागल्यास पोलाद जळत आहे असे समजावे व तेवढा भाग कापून टाकावा. गोल सळई गोल ठेवूनच ठोकल्यास तिचा मध्य फुटतो. म्हणून प्रथम चौकोनी, नंतर अष्टकोनी आणि शेवटी गोल, हा क्रम पाळावा. ठोकताना धातू घटत नाही, लांबतो. ६ मिमीपासून २ मिमीपर्यंत निमुळते होणारे ६ सेंमी लांबीचे टोक सुमारे २.९ सेंमी सळईतून तयार होते. त्या हिशेबाने लांबी ठरवावी.

काटा: टोकाजवळ तापलेल्या स्थितीत छिन्नीने तिरपा काप देऊन मागे वळलेला लहान काटा उचलावा. काप निम्म्या जाडीपेक्षा खोल नसावा. आकडी हवेतच निवू द्यावी. भंगारातील स्प्रिंगचे पोलाद वापरून ते पाण्यात बुडवल्यास टोक ठिसूळ होते आणि झाडातच मोडते. शेवटी, काट्याखेरीज सर्व भाग कानशीने गुळगुळीत करावा.

वापर: आकडी भोकाच्या दिशेनेच सरकवावी. भुंगा लागताच किंचित फिरवून सावकाश ओढावी. त्यानंतर शेंड्याकडील दोन-तीन पानांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंडीची भुकटी तेवढ्याच वाळूत मिसळून भरावी. शेणखताच्या खड्ड्यांतील अळ्याही वेचून नष्ट कराव्यात. पुढील पिढी तेथेच वाढत असते व केवळ आकडीने ती आटोक्यात येत नाही.