छोटं भोक की मोठं?

शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. मधोमध एक भोक. तळहातावर ठेवलं तरी वजन जाणवत नाही. अमेरिकेत दोन पिझ्झांच्या पैशांत मिळतं. याचं नाव पीप साइट, आणि धनुष्याने शिकार करणारी मंडळी या भोकाच्या साइझवरून तासन्‌तास वाद घालू शकतात!

बंदुकीवर नेम धरायला एक खूण पुढे आणि एक मागे असते ना, तसाच हा फंडा आहे. धनुष्यावर पुढे रंगीत पिना बसवलेली गोल साइट असते आणि मागची खूण म्हणजे पीप. तो थेट दोरीतच बसतो. दोरीचे धागे दोन समान भागांत फाकवायचे, मध्ये पीप ठेवायचा आणि वर-खाली पक्क्या दोऱ्याने बांधायचा. दोरी पूर्ण ओढली की पीप डोळ्यासमोर येतो. भोकातून पुढच्या साइटचं वर्तुळ बघायचं, वर्तुळात वर्तुळ बसवायचं, पिन लक्ष्यावर न्यायची. हे सगळं कंपाउंड बोवर, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेल्या धनुष्यावर. मिसूरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलनला १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

मला हे सगळं कळलं ते मावसभावामुळे. दादा डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर आहे. मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार १ ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि मी गेल्या सप्टेंबरमध्ये त्याच्याकडे गेले तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. (मावशीला अजून वाटतं, की तो वीकेंडला जंगलात ‘फिरायला’ जातो. तिला कुणी सांगायचं?)

शिकार मला आवडत नाही. त्याला मी तसं तोंडावर सांगितलंही. त्यावर त्याने वाद घातला नाही, आधीच्या हंगामातली एक संध्याकाळ सांगितली. सूर्य मावळून वीस मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी असते, म्हणजे तो कायद्यात होता. हरीण वीस यार्डांवर उभं होतं. त्याने दोरी ओढली आणि पीपमध्ये काहीच दिसेना. नुसता काळा ठिपका. मग त्याने मान थोडी बाजूला करून भोकाच्या बाहेरून बघितलं आणि बाण सोडला.

“बाण मागे लागला गं. पोटात. रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन शोधत होतो. नाही सापडलं.”

त्यानंतर त्या हंगामात तो पुन्हा गेलाच नाही.

अंधार आणि एक-अष्टमांश इंच

त्याच्या पीपचं भोक होतं एक-अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. दुपारी, अंगणात सराव करताना झक्कास! ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांना हे पटकन कळेल: अ‍ॅपर्चर लहान केलं की जवळचं-लांबचं सगळं शार्प दिसतं, पण उजेड कमी होतो. पीपचंही तेच. लहान भोकातून पिन रेखीव दिसते. संध्याकाळी मात्र आपल्या डोळ्याची बाहुलीच पाच-सहा मिलिमीटरपर्यंत मोठी होते, आणि तिच्यासमोर आपण तीन मिलिमीटरचं भोक धरलेलं असतं. कायद्याची वेळ संपायच्या आधीच पीपची वेळ संपते.

पाव इंचाच्या पीपचा व्यास दुप्पट, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ चौपट. हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि संध्याकाळी, त्यामुळे बहुतेक शिकारी तीन-सोळांश किंवा पाव इंच घेतात. पण डोळे झाकून मोठं भोक घेऊन चालत नाही. पुढच्या साइटचं वर्तुळ पीपमध्ये जवळजवळ पूर्ण भरलं पाहिजे, भोवती उजेडाची बारीक कड दिसेल इतकंच. फट जास्त राहिली तर साइट मधोमध आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही. म्हणून पीप आपल्या साइटला लावून, शक्यतो संधिप्रकाशातच बघून घ्यावा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पीप छान दिसतात.

आणखी एक बारकावा. पीपचं भोक तिरपं पाडलेलं असतं, कारण ओढलेली दोरी डोळ्यासमोर तिरपी असते. धनुष्य आखूड तितका दोरीचा कोन जास्त. त्यामुळे पीप ३७ आणि ४५ अंशांत मिळतात. कोन चुकला तर गोल भोक अंड्यासारखं दिसतं.

डोळे मिटून ओढा

आम्ही आर्चरी शॉपमध्ये गेलो तेव्हा तिथल्या माणसाने दादाला आधी शिकारीचं जाड जॅकेट आणि टोपी घालायला लावली. सप्टेंबरच्या उन्हात! कारण थंडीतल्या कॉलरमुळे हात जबड्यावर वेगळ्या जागी टेकतो. मग म्हणाला, डोळे मिट आणि ओढ. हात नेहमीच्या जागी, दोरी नाकाच्या शेंड्याला. आता डोळे उघड.

पीप भुवईसमोर होता. म्हणजे इतके दिवस दादा दर वेळी मान उंचावून भोक शोधत होता. थकल्यावर, घाईत, अंधारात ही मान वेगवेगळी उंचावते आणि बाण वेगवेगळे जातात. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम इथेच आहे. पीपने चेहऱ्याकडे यायचं, चेहऱ्याने पीपकडे जायचं नाही. पीप थोडा खाली सरकवून हेच चार-पाच वेळा केलं, आणि डोळे उघडल्याबरोबर वर्तुळ समोर दिसल्यावरच दोरा बांधला.

मग दुसरी भानगड. ओढताना दोरी पीळ घेते आणि पीप तोंड फिरवतो. काही पीपना रबरी नळी असते, ती केबलला जोडलेली असते आणि पीप खेचून सरळ करते. पण रबर जुनं झालं की तुटतं, आणि ओढलेल्या अवस्थेत तुटलं तर चेहऱ्यावर फटका! नळी नको असेल तर दोरीचा पीळ अर्धा-अर्धा फेरा कमी-जास्त करून पीप सरळ आणायचा. त्यासाठी धनुष्य प्रेसमध्ये दाबून दोरीवरचा ताण काढावा लागतो. हे घरी हाताने करायचं काम नाही.

पीपची उंची बदलली की पुढच्या पिनाही नव्याने लावाव्या लागतात. किती फरक पडतो? पीप आणि साइटमधलं अंतर पाऊण मीटर धरा. डोळा भोकात एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला, तर वीस यार्डांवर बाण अडीच सेंटिमीटर हलतो. हरणाच्या छातीतली मर्मस्थानाची जागा वीसेक सेंटिमीटर असते, म्हणून शिकाऱ्याला मोठं भोक परवडतं. ५० मीटरवर मात्र तोच एक मिलिमीटर साडेसहा सेंटिमीटर होतो, आणि स्पर्धेतल्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ अवघं आठ सेंटिमीटर व्यासाचं. केंद्रातून साडेसहा सरकलात की नऊ!

म्हणून २०२३ च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले, ते आता मला नीट कळतं. पंधराच्या पंधरा बाण दहात. साताऱ्याची अदिती स्वामी तेव्हा १७ वर्षांची होती, तीही तिथेच विश्वविजेती झाली. दोघांचीही तयारी साताऱ्यातली, आणि दोघंही कंपाउंडवाले. स्पर्धेत उजेड भरपूर असतो आणि साइटला भिंग चालतं, त्यामुळे तिथले पीप शिकाऱ्यांच्या पीपपेक्षा कितीतरी बारीक. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे, तेव्हा आपल्याकडच्या रेंजवर गर्दी वाढणार हे नक्की. शिकारीवर मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तुमच्यासमोर कागदाचंच लक्ष्य असेल. रेंजवर उधारीचा बो हातात आला, तर पीप आधीच्या माणसाच्या चेहऱ्यासाठी बांधलेला आहे हे लक्षात ठेवा.

नवी दोरी असेल तर ती शंभरेक बाणांत थोडी ताणते, पीप सरकतो, फिरतो. दुकानातल्या माणसाने पीपच्या वर आणि खाली, दोऱ्यावर चंदेरी मार्करने दोन रेघा मारून दिल्या. रेघ आणि पीप यांत फट दिसली, की बाण भात्यात ठेवायचे आणि बो घेऊन परत दुकानात यायचं.