रिकामी बाटली आणि दुकानदार

पाहुणे यावयाचे असले म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानांतून शीतपेयाच्या बाटल्या आणावयाच्या, दर बाटलीमागें कांहीं पैसे अनामत ठेवावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं घरांतील एखाद्या मुलानें पिशवी खळखळवीत जाऊन ते परत आणावयाचे, हा क्रम आपल्याकडे घरोघर चालत असे. त्या मुलास पुष्कळदां एकच उत्तर मिळे : “ही बाटली आमच्या दुकानची नव्हे.” एवढ्या एका वाक्यानें अनामतीची सारी योजना कशी फसते, हें पाहावयाचें असेल तर जर्मनीकडे पाहावें. वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें हल्लीं तिकडे शिकत आहेत. त्यांच्या बोलण्यांत ‘प्फांट’ हा शब्द हटकून येतो. तो याच अनामतीचा.

एकदां वापरून टाकावयाच्या बाटल्या व डबे यांवर तेथें १ जानेवारी २००३ पासून अनामत सक्तीची झाली. परंतु व्यापारी कोठलाही असो, तो व्यापारीच! कांहीं मोठ्या स्वस्त दुकानांनीं आपापल्या निराळ्या घाटाच्या बाटल्या करवून घेतल्या, म्हणजे इतरांच्या बाटल्या परत घेण्याचें लचांड नको. गिऱ्हाइकानें एका गांवीं पाणी घेतलें व दुसऱ्या गांवीं तें संपलें, तर त्याची अनामत बुडालीच म्हणावयाची.

ही पळवाट १ मे २००६ रोजीं बंद झाली. तेव्हांपासून नियम असा कीं, जो दुकानदार प्लास्टिकच्या अनामतीच्या बाटल्या विकतो, त्यानें अशी कोणतीही प्लास्टिकची बाटली परत घेतली पाहिजे. मग ती कोणीं, कोठें विकत घेतलेली असो. कांच व पत्रा यांचेंही तसेंच. पावती मागावयाची नाहीं, आणि पैसे देतांना दुसरी कांहीं खरेदी करण्याची अट घालावयाची नाहीं. बाटली चेपलेली असली तरी तिच्यावरील अनामतीची खूण वाचतां येत असेल तर ती नाकारतां येत नाहीं. बाटल्या घेणारें यंत्र बिघडलें ही सबबही चालत नाहीं. नोकरानें हातानें घ्याव्या. २०० चौरस मीटरांहून लहान दुकानास मात्र एवढी सवलत आहे कीं, तें ज्या छापाचा माल विकतें तेवढ्याच छापाच्या बाटल्या त्यानें घ्याव्या. गल्लींतल्या लहान दुकानदाराजवळ रिकामा ढीग ठेवावयास जागा कोठली?

यांत दुकानदार बुडतो असें कोणी समजूं नये. माल घेतांना त्यानें २५ सेंट वर दिलेले असतात, ते तो गिऱ्हाइकाकडून घेतो. परत आलेल्या बाटलीची खूण यंत्र वाचतें, तीच बाटली पुन्हां कोणी आणूं नये म्हणून ती चेपून टाकतें, आणि दुकानदार आपले पैसे पेय भरणाऱ्या कारखानदाराकडून वसूल करतो. जी बाटली परत येतच नाहीं तिचे पैसे कारखानदाराच्याच पदरांत राहतात, हें मात्र आम्हांस रुचत नाहीं. तथापि शंभरांतील नव्वदाहून अधिक बाटल्या परत येतात.

धुऊन पुन्हां भरावयाच्या जाड कांचेच्या बाटल्या टिकाव्या, हाही या कायद्याचा एक हेतु होता. तो सफळ झाला नाहीं, प्लास्टिकच वाढलें. पुढें २०२२ सालीं प्लास्टिकच्या बाटलींतील फळांचे रस आणि २०२४ सालीं दूधही या नियमाखालीं आलें.

तेथील रेल्वेस्थानकांवर म्हातारीं माणसें कचऱ्याच्या पेट्या धुंडाळतांना दिसतात. निवृत्तिवेतन पुरत नाहीं, म्हणून तीं बाटल्या गोळा करतात. एका संपन्न देशांत हें दृश्य पाहून मन विषण्ण होतें. समंजस लोक आपली रिकामी बाटली पेटींत न टाकतां बाहेर तिच्या पायथ्याशीं ठेवतात, म्हणजे कोणास कचऱ्यांत हात घालावा लागूं नये. सायंकाळीं भरलेली पिशवी घेऊन असा एखादा वृद्ध मोठ्या दुकानांत शिरतो, तेव्हां या बाटल्या तूं कोठून आणल्यास असें त्यास विचारण्याचा अधिकार त्या दुकानदारास नसतो.